मरेला १४ कोटी दिले, आता पुढे काय? (सॅक्रामेंटो किंग्ज, एनबीए बास्केटबॉल)

वरळी_सीफेस (धागाकर्ता), ऑक्टोबर २०२५

किंग्जनं आपला फॉरवर्ड कीगन मरेशी नवा करार केला. पाच वर्षं, १४ कोटी डॉलर. ऑफिसला जाताना बसमध्ये बातमी वाचली आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो "परत?"

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी "तू कायमच रडतोस" म्हणायला नको. ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये किंग्ज-पेसर्स सामना पाहिला, तेव्हापासून या संघाच्या नादी लागलो. मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. सामना घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरा संघ शोधायला कारणच नव्हतं. शोधायला हवा होता हे मागाहून कळलं. त्या दिवशी १३०-१०६ असे हरलो, तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

गेली सहा वर्षं एकच खेळ बघतोय. कोणाचा तरी करार संपत येतो. माणूस वाईट नसतो. "हा गेला तर बदल्यात काय मिळणार?" असा प्रश्न येतो, उत्तर "काही नाही" असं येतं, आणि पैसे दिले जातात. बडी हील्ड मुंबईहून परतला आणि त्याच महिन्यात त्याला चार वर्षांचे ८ कोटी ६० लाख पक्के, वर बोनस वेगळा. करार लागू होऊन दीड वर्ष होत नाही तोच ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल. २०२३ मध्ये हॅरिसन बार्न्सला तीन वर्षांचे ५ कोटी ४० लाख, पुढच्याच उन्हाळ्यात तो सॅन अँटोनियोत. सबोनिसला २१ कोटी ७० लाख. २०२४ मध्ये मलिक मंकला चार वर्षांचे ७ कोटी ८० लाख. एकेक करार सुटा बघा, कोणीही सही करेल. सगळे ओळीनं मांडले की गेल्या मोसमाचा हिशेब येतो: ४० विजय, ४२ पराभव, आणि घरच्या मैदानावर डॅलसकडून प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या आधीची पात्रता लढत) बाहेर.

मरेशी माझं वैर नाही. नवख्या वर्षात २०६ तीन-गुणी टाकणारा पोरगा आहे, लीगचा विक्रम केला होता त्यानं. डिसेंबर २०२३ मध्ये युटाविरुद्ध ४७ गुण, त्यातले बारा थ्री, आणि पहिले अकरा तर सलग. ती रात्र (आपली सकाळ) विसरणार नाही. पण गेल्या वर्षी सरासरी १२ च्या घरात आली. चेंडू डरोझन, लव्हीन आणि सबोनिस यांच्यात फिरत असतो, हा कोपऱ्यात उभा. आता तर अंगठ्याला दुखापत होऊन बसलाय.

मरे २५ वर्षांचा. डरोझन आणि वेस्टब्रुक ३६ चे. लव्हीन ३०, श्रोडर ३२. माझा प्रश्न १४ कोटी जास्त की कमी हा नाहीच. २५ वर्षांच्या पोराला आपण नक्की कोणत्या संघासाठी राखतोय, तो संघ कोणी पाहिलाय का?

मधली_सुट्टी

नव्या चकल्या आणि हा धागा. बसलो.

धरमपेठचा_गार्ड

राजेहो, हे तर आयपीएलच्या रिटेन्शनसारखंच झालं न. मुंबई इंडियन्सनं २०२५ साठी बुमराह, सूर्या, हार्दिक, रोहित आणि तिलक असे पाच ठेवले, १२० कोटींच्या पर्समधले ७५ कोटी तिथंच गेले. मग उरलेल्या पैशांत अख्खा संघ भरा. नावं मोठी राखली की बाकीच्या जागी चिल्लर उरते. किंग्जनं मरेला जाऊ दिलं असतं तर तेवढ्याच पैशात दोन चांगले फॉरवर्ड आले असते. सोपा हिशेब आहे.

हिशेबवही

सोपा आहे, पण चुकीचा आहे भाऊ. आणि ही चूक आपल्याकडचे निम्मे लोक करतात म्हणून जरा लांबण लावतो. पेशानं सीए आहे, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आयपीएलमध्ये खेळाडू सोडला की त्याचे पैसे पर्समध्ये परत येतात. एनबीएमध्ये येतीलच असं नाही. यंदा (२०२५-२६) सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. पण ही भिंत नाही, उंबरठा आहे. स्वतःच्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करायचं असेल तर संघाला तो ओलांडायची मुभा असते. याला 'बर्ड हक्क' म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावावरून. दुसऱ्याचा खेळाडू आणायचा असेल तर मात्र उंबरठ्याच्या आत जागा हवी.

आता किंग्जकडे बघा. लव्हीन आणि सबोनिस या दोघांचेच यंदा ९ कोटींच्या आसपास होतात. डरोझन आणि मंक धरले की १३ कोटींच्या वर. लव्हीनचा पुढच्या वर्षाचा पर्याय त्याच्या स्वतःच्या हातात आहे, आणि तेवढी रक्कम त्याला बाहेर कोण देणार, तो घेणारच. म्हणजे मरे पुढच्या उन्हाळ्यात गेला असता तर त्याचे वर्षाचे पावणेतीन-तीन कोटी "मोकळे" झाले नसते. हातात उरली असती ती मधल्या दर्जाची सवलत (कॅपमध्ये जागा नसतानाही बाहेरचा खेळाडू घ्यायची मुभा), यंदाच्या दरानं साधारण १ कोटी ४० लाखांची. तिच्यात मरेसारखा बचाव करणारा फॉरवर्ड मिळत नाही.

म्हणून "त्या पैशात दोघे आले असते" हे वाक्य इथे लागूच पडत नाही. मरे जातो तेव्हा मरे जातो, एवढंच.

धरमपेठचा_गार्ड

हाव बा, हे मले ठाऊक नव्हतं. शब्द मागे. पण मग प्रत्येक वेळी "जागा नाही म्हणून ठेवा" हेच उत्तर निघत असेल, तर मालकानं कधी कोणाला सोडायचंच नाही का?

वरळी_सीफेस

नेमकं. हिशेबवही, तुमचं गणित मला मान्य आहे, पण हेच गणित मला भीती घालतं. जागा का नाही? कारण आधीच्यांना राखलं. आधीच्यांना का राखलं? कारण जागा नव्हती. या साखळीत पहिली कडी कोणती?

फोल्समवाली

मी सांगते पहिली कडी. सोळा वर्षं.

तुम्ही सगळे सकाळी चहा पिता पिता मोबाईलवर बघता. आम्ही हायवे ५० धरून अर्ध्या-पाऊण तासात स्टेडियममध्ये जातो, पार्किंगचे पैसे भरतो आणि हरून परत येतो. २००६ नंतर थेट २०२३ मध्ये प्लेऑफ. लीगच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ. माझा मुलगा जन्मला, शाळेत गेला, मिशा फुटायला लागल्या, तोवर त्यानं एकही प्लेऑफ सामना पाहिला नव्हता. मग त्या वर्षी ४८ विजय, पश्चिमेत तिसरा क्रमांक, प्रत्येक विजयानंतर छतावरून आकाशात जांभळा झोत. घरी येताना हायवेवरून दिसायचा. लोक गाड्यांचे हॉर्न वाजवायचे. पहिल्याच फेरीत वॉरियर्सनी सातव्या सामन्यात घालवलं, त्यांच्या स्टेफ करीनं ५० गुण टाकले, तरी आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या.

हे एकदा मिळाल्यावर "आता सगळे विकून पुन्हा शून्यापासून सुरू करू" असं म्हणणारा व्यवस्थापक या गावात रस्त्यानं चालू शकला असता का? लॉस एंजेलिस किंवा मायामीला खेळाडू आपणहून जातात. सॅक्रामेंटोला कोणी आपणहून येत नाही. आमच्याकडे जो आहे तो धरून ठेवावा लागतो. मंकनं २०२४ मध्ये राहायचं ठरवलं तेव्हा आमच्या कॉलनीत दोन घरं सोडून फटाके वाजले होते (परवानगी नसताना).

हिशेबवही

मंकवरून आठवलं. तो २०२२ ला दोन वर्षांच्या करारावर आला होता, म्हणून किंग्जकडे त्याचे पूर्ण बर्ड हक्क नव्हते, अर्धवटच होते. त्या नियमानं जास्तीत जास्त चार वर्षांचे ७ कोटी ८० लाख देता येत होते, आणि तेवढेच दिले. कॅपमध्ये जागा असलेल्या संघाला त्याहून जास्त देता आले असते. तरी तो राहिला. फोल्समताई म्हणतात त्यात तथ्य आहे.

अवांतर: हाच आकडा, चार वर्षांचे ७ कोटी ८० लाख, किंग्जनं २०१८ मध्ये झॅक लव्हीनला देऊ केला होता. शिकागोनं तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घेतलं. सात वर्षांनी तोच लव्हीन आपल्याकडे आला, वर्षाला पावणेपाच कोटींवर. थांबला तो संपला म्हणतात, इथे थांबला तो महागला.

नववी_ब

नमस्कार, बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. मी ४ ऑक्टोबरच्या सामन्याला होतो, आदल्या दिवशीच्या. तो शाळेच्या मुलांसाठी होता, आम्हाला बसनं नेलं होतं. मी तेव्हा नववीत. १३२-१३१, जादा वेळेत पेसर्स जिंकले. समोर कोण कोण होतं ते आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात येऊन नीट कळतंय. फॉक्स, हील्ड, बॉग्दानोविच, बॅगली एका बाजूला. सबोनिस आणि माइल्स टर्नर दुसऱ्या बाजूला.

प्रश्न असा: मरेला आत्ताच देण्याची घाई का? पुढच्या उन्हाळ्यात तो 'रिस्ट्रिक्टेड' झाला असता ना? म्हणजे दुसऱ्यानं बोली लावली तरी आपल्याकडे ती जुळवायचा हक्क. आरटीएम कार्डासारखं. बाजारानं ठरवू दिलं असतं भाव.

हिशेबवही

स्वागत. आरटीएमची उपमा बरोबर आहे. घाई का, याची दोन उत्तरं, दोन्ही अलीकडची.

एक, वॉरियर्सचा कुमिंगा. वॉरियर्सनी आधी करार केला नाही, यंदाचा अख्खा उन्हाळा ओढाताणीत गेला. आपले किंग्जही त्याला आणायला बघत होते. सप्टेंबरच्या शेवटी दोन वर्षांचे पावणेपाच कोटींच्या वर देऊन मिटलं, दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. पैसे कमी गेले, पण मनं विटली. असा खेळाडू मोसमभर "मला कधी विकताय" या चेहऱ्यानं फिरतो.

दोन, बॉग्दानोविच. तुम्ही त्याला डोममध्ये पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो रिस्ट्रिक्टेड होता. अटलांटानं चार वर्षांचे ७ कोटी २० लाख देऊ केले. आपल्या हातात आरटीएम कार्ड होतं, वापरलं नाही. बदल्यात मिळाले शून्य. सहा-सात महिन्यांत अटलांटा पूर्वेच्या अंतिम फेरीत.

(ब्रन्सनचं तिसरं उदाहरण देणार होतो. डॅलसला तो चार वर्षांच्या साडेपाच कोटींच्या आसपास राखता आला असता, ते थांबले, २०२२ मध्ये न्यूयॉर्कनं १० कोटी ४० लाखांना नेला. पण तो रिस्ट्रिक्टेड नव्हता, त्यामुळे इथे बसत नाही. आणि डॅलसवाल्यांनी त्यानंतर स्वतःच्या स्टार डॉन्चिचलाच ट्रेड केलं, त्यापुढे हे दुःख हलकंच.)

वरळी_सीफेस

नोव्हेंबर २०२० निघालाच आहे तर तिथेच थांबू या जरा. माझ्या मते सगळी गोष्ट त्या एका महिन्यात आहे.

एकाच महिन्यात तीन गोष्टी झाल्या. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन हाती लागला. फॉक्सला पाच वर्षांचे १६ कोटी ३० लाख दिले. आणि बॉग्दानोविचला जाऊ दिलं. व्यवस्थापक मॉन्टी मॅकनेअर नुकताच कामावर आला होता. मला तेव्हा वाटलं, वा, कोणीतरी ठरवतंय: तरुण गार्ड ठेवायचे, बाकीचे जाऊ द्यायचे.

पण दीड वर्षात कळलं की दोघंही चेंडू हातात लागणारे. फॉक्सला मोठे पैसे दिलेले, हॅलिबर्टन अजून नवख्याच्या पगारावर. मग कोण जाणार? खरं तर ज्याचा पगार कमी आणि वय कमी तो ठेवायचा असतो. पण करार हा एक प्रकारचा कबुलीजबाब असतो. एकदा १६ कोटी लिहून दिले की "आमचा माणूस फॉक्स" हे मोडवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हॅलिबर्टन आणि हील्ड इंडियानाला, सबोनिस इकडे. त्या ट्रेडनं आपल्याला २०२३ मिळालं, ते मी नाकारत नाही. ताईंचा जांभळा झोत त्याच ट्रेडचा. पण तो झोत किती दिवसांच्या उधारीवर होता ते बघा. आज फॉक्सही नाही, हॅलिबर्टनही नाही.

राखण्याचा खर्च पैशात दिसत नाही म्हणतो तो असा. एकाला राखलं की दुसऱ्याचं नशीब ठरतं.

इंडीचा_पाहुणा

पाहुणा म्हणून आलोय, हाकलू नका. इंडियानापोलिसला नऊ वर्षं आहे, पेसर्सवाला. दर वेळी किंग्जच्या धाग्यावर "बघा पेसर्सनी कसं केलं" असं कोणीतरी लिहितं, त्याआधीच मी लिहितो.

हो, हॅलिबर्टन आला आणि आमचं सोनं झालं. २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६ कोटींपर्यंतचे दिले, कोणी हूं की चूं केलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये टोरोंटोला पहिल्या फेरीचे तीन पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) देऊन सियाकाम आणला. त्याचा करार संपत होता, वय तेव्हाच २९, आणि उन्हाळ्यात त्याला चार वर्षांचे १८ कोटी ९० लाख. इथल्या रेडिओवर लोक शिव्या घालत होते, तिशीला टेकलेल्या माणसाला इतके? मग यंदा जूनमध्ये फायनलचा सातवा सामना खेळलो. पूर्वेच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर सियाकाम.

म्हणजे वय हा एकच निकष धरून बसू नका. सियाकामला पैसे देताना आमच्यांना माहीत होतं की पळणारा संघ हॅलिबर्टनभोवती बांधायचा आहे, आणि सियाकाम पळतो. ते आधी ठरलं, करार नंतर झाला.

आता दुसरी बाजू, जी तिकडे कोणी सांगत नाही. त्याच सातव्या सामन्यात हॅलिबर्टनची टाच गेली, हा मोसम संपूर्ण बाहेर. आणि आठवडा-दोन आठवड्यांत टर्नर मिलवॉकीला. २०१५ पासून आमच्याकडे, दहा मोसम. अफवांमध्ये शंभर वेळा विकला गेला आणि एकदाही गेला नाही, आणि गेला तो असा, बदल्यात काही नाही. चार वर्षांचे सुमारे १० कोटी ९० लाख. आमच्या मालकांना लक्झरी टॅक्स (एकूण पगार फार वाढला की संघाला लागणारा दंड) नको होता. फायनल खेळलेल्या संघाचा सेंटर असा जातो तेव्हा "दीर्घकालीन शिस्त" वगैरे शब्द कानाला गोड लागत नाहीत. माझी बायको, जिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, ती म्हणाली, "अहो, तो उंच शांत मुलगा गेला?" काय सांगणार.

फोल्समवाली

पाहुणे, चहा घ्या. तुमचं दुःख खरं आहे. पण फायनलचं दुःख आहे, आम्हाला चालेल तेसुद्धा.

मधली_सुट्टी

+१. आम्हाला सातव्या सामन्यात हरायचं सुखही पहिल्या फेरीतच मिळालं.

धरमपेठचा_गार्ड

काऊन सगळे ओक्लाहोमाचं नाव घेत नाही? लहान गाव, तिथंही कोणी आपणहून जात नाही. त्यांनी २०१२ मध्ये हार्डनला पैसे द्यायला नको म्हटलं, ट्रेड केला, पुढं तो एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. सगळ्यांनी नावं ठेवली. मग २०१९ मध्ये पॉल जॉर्ज विकून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले. त्यातल्याच एका पिकचा जेलन विल्यम्स झाला. दोन वर्षं मार खाल्ला, २२ विजय, मग २४. यंदा ६८ विजय आणि विजेतेपद. ताई, हे सॅक्रामेंटोला काऊन जमत नाही?

फोल्समवाली

दादा, सोळा वर्षं आम्ही तेच केलं की. मार खाल्ला, पिक घेतले. फक्त तसा बेत नव्हता.

२०१८ ला दुसरा पिक आमचा होता. बॅगली घेतला. तिसऱ्यावर डॉन्चिच गेला. हरल्यानं संघ बांधला जात नाही हो, हरल्यावर पोतडीत काय घालता त्यानं बांधला जातो. आणि निवडणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही, म्हणून मला हातातला मरे प्रिय. निदान तो काय आहे हे मला माहीत आहे. समोरच्या संघाचा सगळ्यात खतरनाक माणूस रोज त्याच्या अंगावर सोडतात, तो तक्रार करत नाही.

हिशेबवही

ओक्लाहोमाबद्दल एक पुस्ती. त्यांनी यंदा जुलैत काय केलं? शेला चार वर्षांचे २८ कोटी ५० लाख, होल्मग्रेनला २५ कोटींपर्यंत, विल्यम्सला २८ कोटी ७० लाखांपर्यंत. म्हणजे राखणं त्यांनाही चुकलं नाही. २०१२ मध्ये जे टाळलं ते आता तिघांच्या बाबतीत एकदम केलं.

आणि आता नियम तेव्हापेक्षा कडक आहेत. दुसरा 'एप्रन' म्हणून एकूण पगाराची एक रेषा आहे, यंदा २० कोटी ७८ लाखांवर. ती ओलांडली की ट्रेडमध्ये दोन पगार एकत्र करता येत नाहीत, मधल्या दर्जाची सवलत जाते, पुढचे पिक गोठतात. बॉस्टननं ब्राऊन आणि टेटम दोघांना तीस-तीस कोटींच्या आसपास दिले, २०२४ ला विजेतेपद घेतलं, आणि याच उन्हाळ्यात हॉलिडे आणि पोर्झिंगिसला विकायला निघाले. टेटमची टाच गेली होती आणि बिल तेवढंच होतं.

म्हणजे सगळ्यांना राखणारा संघ आता फार दिवस टिकत नाही, हे धागाकर्त्याच्या बाजूनं. पण मरेचा करार त्यात बसतो का? कॅप दर वर्षी वाढतेय. सरासरी २ कोटी ८० लाख म्हणजे पुढच्या वर्षीच्या कॅपच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. बचाव करणारा, थ्री टाकणारा, पंचविशीतला फॉरवर्ड या भावात कोणीही ट्रेडमध्ये घेईल. हा करार अडकवणारा नाही, हवा तेव्हा विकता येणारा आहे. लव्हीनचा बघा आणि मग बोला.

वरळी_सीफेस

लव्हीनवर आलातच. मग माझी खरी तक्रार तीच आहे, मरेवर उगाच निघाली असं धरा.

२०२४ च्या उन्हाळ्यात फॉक्सला तीन वर्षांचे १६ कोटी ५० लाख देऊ केले होते. त्यानं नाही म्हटलं. राखायची इच्छा होती, पैसे होते, माणूस राहिला नाही. डिसेंबरात प्रशिक्षक माइक ब्राऊनला काढलं (१३-१८ असताना), फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनियोला गेला आणि तिथे यंदा ऑगस्टमध्ये चार वर्षांचे २२ कोटी ९० लाख घेतले.

ती संधी होती. फॉक्स गेला म्हणजे २०२३ चा संघ संपला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेव्हा पिक आणि तरुण पोरं घ्यायची, सबोनिसचा भाव चांगला होता तेव्हा त्याचाही विचार करायचा, आणि मरेला मध्ये ठेवून त्याच्या वयाचा संघ उभा करायचा. पिक मिळाले, नाही म्हणत नाही. पण सोबत लव्हीन, आणि त्याचा तो पगार. कारण? प्ले-इन गाठायचं होतं. गाठलं आणि हरलो, १२०-१०६.

त्या रात्रीच मॅकनेअरही गेला. त्याच्या जागी स्कॉट पेरी आला, श्रोडर आणला तीन वर्षांसाठी, वेस्टब्रुक आणला. म्हणजे माणूस बदलला, सवय तीच.

नववी_ब

म्हणजे तुमच्या मते मरेचा करार बरोबर आणि त्याच्या भोवतालचा संघ चूक?

वरळी_सीफेस

हो, बहुतेक. पहिल्या पोस्टमध्ये असं लिहिलं नव्हतं हे मान्य. हिशेबवहींनी पैसे मोकळे होत नाहीत हे दाखवल्यावर मला "मरेला देऊ नका" म्हणता येत नाही. पण मरेला देऊन लव्हीन-डरोझन यांच्यामागे कोपऱ्यात उभं करायचं असेल तर ते १४ कोटी बाकड्यावर ठेवल्यासारखे आहेत.

इंडीचा_पाहुणा

सबोनिस विकणार असाल तर आधी आम्हाला विचारा. आमच्याकडे सेंटर नाही.

फोल्समवाली

अहो, दिलेली वस्तू परत मागतात का?

हिशेबवही

एका गोष्टीवर धागाकर्त्याशी असहमत नोंदवून ठेवतो. सबोनिसचा भाव फेब्रुवारीत चांगला होता हे गृहीत धरू नका. जो सेंटर रिंगचं रक्षण फारसं करत नाही आणि ज्याचा पगार चार कोटींच्या वर आहे, त्याला घेणारे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. रिबाउंड कितीही असोत. विकायचं म्हटलं की लगेच गिऱ्हाईक दारात येतं असा चाहत्यांचा समज असतो. माझ्याकडे येणाऱ्या फ्लॅटवाल्यांचाही असतो.

धरमपेठचा_गार्ड

हे मात्र शंभर टक्के. आमच्या क्लबमध्ये जुना बोर्ड विकायला काढलाय तीन वर्षांपासून.

मधली_सुट्टी

पेरी साहेबांना पाठवा, ते घेतील. वय ३० च्या वर आहे ना?

नववी_ब

पहिला सामना फिनिक्समध्ये २२ ला, म्हणजे आपल्याकडे २३ च्या सकाळी. भाऊबीज. मरे नाहीच आहे अंगठ्यामुळे. बघणार का कोणी?

वरळी_सीफेस

बघणार. बहीण ठाण्याहून नऊच्या आत पोचत नाही, तोवर तिसरा क्वार्टर तरी होईल.

फोल्समवाली

आमच्याकडे संध्याकाळ असेल, टीव्हीवरच. मुलाचा फॉक्सचा जर्सी कपाटात मागे गेलाय, मरेचा घ्यायचा म्हणतोय. मी म्हटलं आधी अंगठा बरा होऊ दे.